सुधाकरचं इंजिन

शेवटचं भेटलो तेव्हा सुधाकरने तब्येतीचं काही विचारूच दिलं नाही. मुलुंडच्या इस्पितळात, नाकात नळी असताना म्हणाला, “पिस्टनच्या रिंगा मी उलट्या तर नाही ना रे बसवल्या?” मी म्हटलं, “सुध्या, तू आणि उलट्या? झोप गप.” तो झोपला नाही. दोन दिवसांनी सकाळी वहिनींचा फोन आला...

आयुष्यभर कारखान्यात यंत्रं जोडलेला हा माझा शेजारी. निवृत्तीनंतर त्याने आपल्या जुन्या गाडीचं इंजिन सोसायटीच्या पार्किंगमध्ये पूर्ण उघडलं, घासूनपुसून पुन्हा जोडलं. पहिल्या झटक्याला सुरू झालं; वॉचमनने टाळ्या वाजवल्या. दहा-बारा मिनिटांनी आचके देऊन बंद पडलं. मग रोज तेच. सुधाकरची पद्धत ठरलेली, एका वेळी एकच वस्तू बदलायची. प्लग, कॉइल, पेट्रोलचा पंप, कार्बोरेटर... बंद पडलं की आधी टाकीचं झाकण उघडून, काठी घालून पेट्रोल बघायचा, मग पुढचं. “अंदाजपंचे नको,” म्हणायचा. सगळं बदलून झालं, तेव्हा संशय घ्यायला फक्त त्याचे हात उरले. “माझ्याच जोडणीत खोट आहे,” एवढं बोलून त्याने गाडीवर कापड टाकलं. आजारपण नंतरचं, त्याचा गाडीशी संबंध नाही, हे स्वच्छ लिहितो. पण तो गेला तो हेच मनात धरून.

परवा वहिनींनी गाडी विकायचं ठरवलं, म्हणून दुसरी बॅटरी लावून मी ती सुरू केली. नेहमीसारखी बंद पडली. मी काठीच्या भानगडीत न पडता नुसती चावी फिरवत राहिलो, होईना. मग झाकण उघडलं, तर टाकीने फुस्सकन हवा आत ओढली आणि गाडी पुन्हा सुरू झाली! इंजिन जोडताना सुधाकरने टाकीला साकीनाक्याहून आणून बसवलेल्या नव्या झाकणाला हवेचं भोकच नव्हतं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल पुढे येईना. तो दर वेळी तपासायला झाकण उघडायचा, आणि तपासण्यातच दोष नाहीसा व्हायचा. मी झाकण सैल ठेवलं. अर्धा तास झाला तरी इंजिन संथ चालू.

वहिनी खाली आल्या. मी सगळं सांगितलं.

“म्हणजे ह्यांनी बरोबर जोडलं होतं?”

“अगदी बरोबर.”

त्या थरथरत्या बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “भावजी, इस्पितळात मीच समजूत घातली ह्यांची... म्हटलं, वय झालं, चुकतो कधी हात, सोडा आता.”

“मग?”

“वाद नाही घातला. ‘हो’ म्हणाले.”