अप्पा शेकायला बसले

फेब्रुवारीतली, म्हणजे इकडच्या उन्हाळ्यातली, भर उन्हाची दुपार होती. मी मागच्या अंगणात आमच्या लेकीचे, इराचे, टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे वाळत घालत होते आणि निखिलचा 'ते रापा' नावाच्या उपनगरातून फोन आला. तो तिथल्या दुधाच्या कारखान्यात इंजिनीअर आहे, कामाच्या वेळात सहसा फोन करत नाही. "मृदुला... अप्पा गेले गं. पहाटे झोपेतच. आत्ता पुण्याहून कळलं." मागून यंत्रांची घरघर ऐकू येत होती. मग तोच पुन्हा म्हणाला, "त्यांचं एप्रिलचं तिकीट काढलंय ना आपण."

अप्पा माझे सासरे. हॅमिल्टनमधल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांत आईवडील येतात ते डिसेंबरात. बीच, बार्बेक्यू, लांब संध्याकाळी अशा हवेत. आमचे अप्पा मात्र एप्रिलमध्ये, इकडच्या ऐन थंडीच्या तोंडावर येऊन थडकायचे आणि इकडे वसंत सुरू झाला की परत जायचे. पुण्यातले मित्र त्यांना वेड्यात काढायचे. अप्पा त्यांना सांगायचे, "तिकडे माझी ड्यूटी असते." ही ड्यूटी म्हणजे आमच्या दिवाणखान्यातली शेगडी. लोखंडाची मोठी पेटी, पुढे काचेचं दार आणि वर छतातून बाहेर गेलेलं धुरांडं. इथे तिला लॉग बर्नर म्हणतात.

अप्पांनी उभी हयात अग्निशमन दलात काढली. सासूबाई सांगायच्या, लग्न झाल्यापासून ह्या माणसाने घरात काडी ओढलेली मी पाहिली नाही. गॅस त्या पेटवायच्या, देवापुढचं निरांजनही त्याच लावायच्या. सासूबाई गेल्यानंतर अप्पा पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही हे घर नुकतंच घेतलं होतं. अप्पा हात पाठीमागे बांधून शेगडीभोवती हिंडले, भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाले, "घर लाकडाचं. आणि त्यात मधोमध लाकडं जाळायची?"

त्याच आठवड्यात आम्ही मित्रमंडळींना जेवायला बोलावलं होतं. निखिलला नव्या घरातली शेगडी सगळ्यांना दाखवायची होती. तो काडेपेटी घेऊन पुढे झाला आणि अप्पा शेगडीसमोर उभे राहिले.

"धुरांडं साफ झाल्याशिवाय काडी लागणार नाही."

"अप्पा, घर घेताना तपासणी झालीय सगळी."

"वर कोण चढलं होतं?"

निखिलने काडेपेटी खाली ठेवली. पाहुण्यांनी जाकिटं घालून मिसळ खाल्ली, आणि पुढचे काही दिवस बापलेक एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. मग धुरांडी साफ करणारी टीना आली. उंचीपुरी, हसतमुख बाई. शिडी लावून छपरावर चढली, आणि थोड्या वेळाने वरून गवत, काड्या, प्लॅस्टिकच्या चिंध्या, पिसं असं काय काय खाली येऊ लागलं. पोतंभर घरटं निघालं! धुराला बाहेर जायला वाटच नव्हती. त्या रात्री शेगडी पेटली असती तर सगळा धूर आत कोंडला असता, आणि पलीकडच्याच खोलीत आमची इरा झोपलेली होती. निखिलचा चेहरा उतरला. अप्पा मात्र त्याच्याकडे न बघता टीनाला विचारत होते, पक्षी कुठला? तिने फोनवर फोटो दाखवला आणि अप्पा आनंदाने ओरडले, "अरे, ही तर आपली साळुंकी! ही कधी आली इकडे?" त्या हसण्यात बापलेकांचा अबोला संपला. टीनाने मग धुरांड्याच्या तोंडावर जाळी बसवून दिली.

तेव्हापासून शेगडीचा ताबा अप्पांकडे गेला. मे महिना लागला की टीनाला बोलवायचं. आतल्या विटांना तडा गेलाय का, दाराभोवतीची, फट बंद करणारी दोरी झिजलीय का, हे बॅटरी घेऊन बघायचं. दार उघडून आत उदबत्ती धरायची आणि तिचा धूर वर सरळ ओढला जातो की खोलीत येतो ते पाहायचं. शेजारच्या माल्कमने त्यांना लाकूड ओळखायला शिकवलं. दोन ओंडके एकमेकांवर आपटायचे. टणत्कार आला तर वाळलेलं, थप्प आवाज आला तर अजून ओलं. अप्पा तबला लावल्यासारखे कान देऊन ओंडके वाजवत बसायचे. रंग दिलेली, औषध मारलेली फळकुटं त्यांनी शेगडीजवळ कधी फिरकू दिली नाहीत. रात्रीची राख पत्र्याच्या बादलीत, वर झाकण, आणि बादली घरापासून लांब, काँक्रीटवर. "राख झोपेचं सोंग घेते," असं इराला सांगायचे. मी एकदा इराचे ओले मोजे शेगडीसमोर वाळत घातले, तर ते उचलून माझ्या हातात देत म्हणाले, "मृदुला, हे ऊन नाही."

माल्कम आणि अप्पा, दोघेही विधुर, दोघांनाही लाकूड रचण्याची भारी हौस. माल्कम प्रत्येक गोष्टीला 'झकास' ह्या अर्थी "स्वीट अ‍ॅज" म्हणायचा आणि अप्पा पुढच्या शब्दाची वाट बघत थांबायचे. शेवटी एकदा न राहवून मला बाजूला घेऊन विचारलं, "स्वीट अ‍ॅज... कशासारखं गोड? हा वाक्य पुरं का करत नाही?"

एवढं सगळं करायचे, पण शेगडी पेटवायची निखिलनेच. ती पेटली की अप्पा दूर, दाराजवळच्या खुर्चीत माकडटोपी घालून बसत. जवळ या म्हटलं तर म्हणायचे, "मला थंडी वाजत नाही." कुडकुडताना दिसायचे, पण आम्ही तो विषय वाढवला नाही.

मग त्यांच्या तिसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी मोठं वादळ झालं. झाडं पडली, वीज गेली, घर गरम ठेवणारा हीट पंप बंद. निखिल कारखान्यात अडकला. इरा तापाने फणफणलेली, गोधडीत गुंडाळूनही थरथरत होती. मी काडेपेटी हातात घेतली, पण माझ्या काड्या भराभर विझत होत्या. खोलीतून इराचा आवाज आला, "आजोबा, आय ॲम सो कोल्ड." अप्पा उठले. माझ्या हातातून काडेपेटी घेतली आणि शेगडीसमोर मांडी घालून बसले. बारीक ढलप्या आडव्याउभ्या रचल्या, खाली कागद सरकवला, हवेची पट्टी पूर्ण उघडली. हात सगळं अगदी सराईतपणे करत होते. पण काडी मात्र जरा जास्तच जोराने ओढली. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली. ढलप्यांनी पेट घेतला, मग ओंडक्याने, आणि काचेवर केशरी उजेड नाचायला लागला. मी इराला आणून गादीवर निजवलं. अप्पा तिथेच, शेगडीपुढे बसून राहिले.

आणखी एक ओंडका आत सरकवून म्हणाले, "लाकडाच्या वखारीला आग लागली होती. सावंत माझ्यापुढे होता. मी बाहेर आलो... तो नाही आला." निखिललाही हे माहीत नव्हतं, सासूबाईंना असेल कदाचित. मग त्यांनी दोन्ही तळवे शेगडीपुढे धरले, चेहऱ्यावर फिरवले आणि एकदम लहान मुलासारखं हसून म्हणाले, "इतकी वर्षं आगीशी ओळख आहे गं माझी. पण शेकलो आज पहिल्यांदा!"

त्यानंतर दाराजवळची खुर्ची रिकामीच राहिली. पुढचे सगळे हिवाळे अप्पांनी शेगडीपुढे थाटात काढले. निखाऱ्यांवर भरताची वांगी भाजली. एकादशीला फॉइलमध्ये गुंडाळून कुमारा भाजला, "हे रताळंच आहे, उपासाला चालतं," असा निर्वाळा दिला आणि तूपमीठ लावून माल्कमलाही खायला घातला. इराच्या मैत्रिणी आल्या की वखारीपासून विहिरीत पडलेल्या म्हशीपर्यंतचे किस्से मोडक्या इंग्रजीत रंगायचे. सावंतही आता त्या किश्शांत असायचा, तोही मुख्यतः त्याच्या नकलांमुळे आणि खादाडपणामुळे. अप्पांच्या तोंडून सावंतचं नाव हसत निघताना पाहिलं की मला त्या वादळाचे आभार मानावेसे वाटायचे.

ह्या मे महिन्यात टीना आली. अप्पांना ती चीफ म्हणायची. "चीफ कुठे आहेत?" म्हणाली. निखिलने सांगितलं. ती शिडी लावून वर चढली आणि धुरांडं इतका वेळ घासत राहिली की तिला हाक मारून खाली बोलवावं लागलं.

त्याच शनिवारी स्मोक अलार्म तपासायचे होते. हे काम अप्पा साग्रसंगीत करायचे. बटण दाबून अलार्म वाजला की घरातल्या सगळ्यांनी हातातलं काम टाकून बाहेर टपालपेटीपाशी जमायचं. स्वतः सगळ्या खोल्या बघून शेवटी यायचे, प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहायचे आणि दलातल्या आवाजात म्हणायचे, "सगळे आले. चला, चहा!" ह्या वेळी निखिलने बटण दाबलं. मी कणकेच्या हातांनी धावले, इरा जांडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत, कानात इअरफोन तसेच. पलीकडून माल्कमही आला, कारण त्यालाही ह्या कवायतीत अप्पांनीच ओढलं होतं. गार वारा सुटला होता. निखिल शेवटी बाहेर आला. त्याने इराकडे पाहिलं, माझ्याकडे, माल्कमकडे. तोंड उघडलं... पण 'सगळे आले' हे त्याला काही म्हणता येईना. आत जायला कुणी हललं नाही.

मग निखिलने नाक पुसलं, घसा खाकरला आणि अप्पांच्याच चढ्या आवाजात म्हणाला, "चला, चहा!"

माल्कम सगळ्यांत आधी आत शिरला.