हात मोजणारा पाहुणा

अमेरिकन फुटबॉलचे गडी निवडायला आलेला तो पाहुणा मी एकदाच पाहिला. दोन हजार पाच साली मी जर्मनीत बॉबलिंगेनला मुलाकडे होतो. जवळच्या मैदानावर, चाल ओळखून समोरच्याला आडवं पाडणाऱ्या गड्यांची पारख चालली होती. पाहुणा पट्टीने त्यांचे हात मोजी, पळणं घड्याळावर धरी आणि बोटाला थुंकी लावून कागद उलटवी. नोकरी सोडून आलेल्या एका जर्मन गड्याने तिघांना लोळवलं. तरी हात दोन बोटं आखूड भरला म्हणून पाहुण्याने त्याच्या नावावर काट मारली.

मी चौथी नापास, पण जन्मभर बैल पारखले. मुलाला म्हटलं, "सांग त्याला, आम्ही बैल जुंपून बघतो, शेपूट मोजून घेत नाही."

"आबा, गप्प बसा ना," म्हणत मुलाने सांगितलंच.

पाहुणा हसला. "गडी चांगलाच आहे. पण लांब हाताचा फसला तर दोष त्याचा, आखूड हाताचा फसला तर माझा."

एवढ्यात तो गडी आला. "माझं काय कमी पडलं?"

"पळणं," पाहुणा म्हणाला.

गड्याने त्याचे आभार मानले आणि तो लगेच मैदानाला फेऱ्या मारायला लागला.