बर्फावर फिरवलेला पंचा

आमच्या लालबागच्या चाळीत समोरच्या खोलीत राहणाऱ्या काकांसारखा धुळीचा हाडवैरी अख्ख्या मुंबईत दुसरा सापडायचा नाही. ओला पांढरा पंचा दिसेल त्या वस्तूवरून फिरवायचा आणि काळा झालेला भाग समोरच्याच्या नाकापुढे धरायचा, हा त्यांचा पाहुणचार. मी नवी बाईक घेतली, तेव्हा पेढा बाजूला ठेवून त्यांनी आधी सीट पुसली. "बघ मेल्या, शोरूमची धूळ!" एकदा सत्यनारायणाला आलेल्या भटजींची पिशवीच पुसली. भटजी पुढच्या वर्षी फिरकले नाहीत. चाळ हसायची, मीही हसायचो. पण या खुळामागे काकूंचा दमा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उन्हाळ्यात मसाल्याच्या मिरच्या भाजायला लागल्या, समोरच्या टॉवरचं सिमेंट उडालं, की काकू हातात पंप घेऊन बसायच्या. काका खिडक्या लावता लावता म्हणायचे, "तुला हिमालयात नेतो. तिथे पंचा फिरवला तरी पांढराच!" काकूंचा त्यावर पूर्ण विश्वास. त्या आशेवरच त्या दिवस काढत होत्या म्हणा ना.

गेल्या मे महिन्यात त्या म्हणाल्या, "अहो, आधी तुम्ही बघून या. मग मी येते." त्यांची मुलगी काकूंपाशी राहिली आणि सामान उचलायला काकांनी मला धरून नेलं.

रस्ता सोडून घोड्यावरून बरेच वर गेलो. ना गाडी, ना चूल, ना माणूस. काकांनी धापा टाकत कोरा पंचा काढला आणि बर्फावर फिरवला. पंचा काळा झाला. "माझेच हात मळलेत," म्हणत त्यांनी बाटलीतल्या पाण्याने हात धुतले आणि दुसरं टोक फिरवलं. तेही काळंच!

घोडेवाला म्हणाला, "नीचे से आता है साब. भट्टी का, गाडी का, खेत जलाते हैं उसका. हवा उठा के लाती है."

"खालून म्हणजे आपणच की रे," काका म्हणाले. मग मुंबई येईपर्यंत त्यांनी काही म्हणता काही पुसलं नाही. चहाचा कळकट कपसुद्धा तसाच तोंडाला लावला. मला फार वाईट वाटलं.

काकू दारातच उभ्या होत्या. "कसं हो तिथलं?"

मी काकांकडे पाहिलं. धुळीच्या बाबतीत या माणसाने देवाधर्माचीही भीड ठेवली नव्हती.

"पांढरंशुभ्र," काका म्हणाले. "हा बघ." आणि पिशवीतून त्यांनी घडीही न मोडलेला दुसरा पंचा काढून दिला.

काकूंनी तो नाकाशी धरून केवढा तरी मोठा श्वास घेतला. "पुढल्या वर्षी नक्की नेणार ना?"

"नेणार तर!" काका खिडकी लावायला वळले आणि लागलेलीच खिडकी बराच वेळ लावत राहिले.