कंपनीच्या पंपाचं पाणी
माझे यजमान आधी तमिळ पेपरात बातमीदार. पापनाशमकडं नवी कंपनी आली, तिनं कालव्यात सोडलेलं पाणी पिऊन गाई-म्हशी मेल्या, ते ह्यांनीच लिहिलं. मग त्याच कंपनीनं ह्यांना नोकरी दिली, आणि गेले की हे! आता कंपनीबद्दल चांगलं चांगलं लिहायचं आणि पेपरवाल्यांना कॉफी पाजायची, झालं.

एक दिवस म्हणाले, "चल, फोटो काढायचाय. पाप्पाला नवी पावाडै घाल." लेकीला नवा परकर घालून निघाले, वाटलं देवळापाशी काढतील. नेलं कुठं, तर कंपनीनं आपल्या दारात नुकत्याच बसवलेल्या हातपंपाशी! फोटोवाला उभा, मोठे साहेब उभे. ह्यांनी पेला माझ्या हातात दिला. आईनं लेकराला तिथलं पाणी पाजायचं, म्हणजे पाणी चांगलं आहे अशी लोकांची खात्री पटेल.

मी पेला तसाच धरून उभी राहिले. आम्हा तंजावरच्या मराठी लोकांत असंच, चारचौघांत काही झाकून बोलायचं तर मराठीत बोलायचं. हेही तसेच बोलले, "अगं, नुसतं ओठाला लाव. गिळू देऊ नको."

"म्हणजे ठाऊक आहे तुम्हाला!" मीही मराठीतच ओरडले. "पोटच्या पोरीला पाजता? लाज नाही वाटत?"

साहेब हसले. "वहिनी, मी पुण्याचा."

ह्यांचं तोंड उतरलं. मला वाटलं, गेली नोकरी! पण साहेबाला राग कुठला यायला? "एवढंच ना? गाडीत बाटलीचं पाणी आहे, ते ओता. फोटोत काय कळतंय?"

मी पोरीला घट्ट धरलं नि मागं सरले. नाही म्हणजे नाही. तर ह्यांनी समोरच्या झोपडीतल्या बाईला हाक मारली. तिच्याही कडेवर पोर, माझ्या पोरीएवढंच. बिचारी केस सारखे करत हसत आली. आणि तिच्यासाठी कुणी बाटली काढली नाही हो! माझ्याकडचा पेला तिला देऊन हे स्वतः पंप हापसायला लागले.

माझं डोकंच फिरलं. ह्यांनी मला मराठीत सांगितलेलं सगळं मी तिला तमिळमध्ये ओरडून सांगितलं, शब्दन् शब्द. तिनं पेला भिरकावला नि साहेबाला अशा शिव्या घातल्या की फोटोवाल्यानं गुपचूप कॅमेरा पिशवीत टाकला.

बसमध्ये हे म्हणाले, "आता घर कसं चालवायचं, तूच सांग."

भीती मलाही होती. म्हटलं, "त्या बाईच्या पोराला पाजणार होतात तुम्ही. आधी त्याचं बोला."