विलायती वाडीतलं घर

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत माझ्या मावशीच्या यजमानांनी आतून पाहिलं नाही असं एकही विकाऊ घर त्या काळी शिल्लक नव्हतं, आणि त्यांना कधी स्वतःचं घर मिळेल अशी आशाही कुणाला शिल्लक नव्हती. पलटणीतून सुभेदार होऊन पेन्शनीत निघाले तेव्हापासून काका घरं बघत होते, लोक मुली बघतात तशी. पांढरा फेटा, इस्त्रीचा कोट, पॉलिश केलेले बूट आणि सोबत मी. मी नुकताच साताऱ्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि राहायला-जेवायला मावशीकडेच होतो. "शिकल्यालं माणूस संगं असलं म्हंजी मालक घराच्या खोडी लपवत न्हाई," असं काकांचं म्हणणं. मालकाकडचे पोहे खायचे, चहा प्यायचा, घराचं वय, त्याचे आधीचे मालक, शेजारपाजार यांची बारकाईनं चौकशी करायची आणि हसतमुखानं बाहेर पडायचं. नापसंती कळवण्याचं काम माझ्याकडे असे. निरोपही ठरलेला होता : पत्रिका जुळत नाही. तो ऐकून एका मालकानं मला फार गंभीरपणे विचारलं होतं, "घराची रास कुठली धरलीत?"

घर बघायची काकांची रीतही त्यांची त्यांनाच शोभणारी. भिंती, वासे, कौलं यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. घर उभ्यानं कळत नाही, निजून कळतं, असा त्यांचा सिद्धान्त होता. म्हणून प्रत्येक खोलीत ते फेटा काढून बाजूला ठेवत, जमिनीवर सरळ आडवे होत आणि डोळे मिटत. झोप लागली तर खोली पास. कऱ्हाडला एका वकिलाच्या माजघरात त्यांना इतकी गाढ झोप लागली की घरातली मंडळी जेवायची खोळंबली. जागे झाल्यावर, "माजघर ब्येस हाय, पर सोपा बघायचा ऱ्हायलाय," असं म्हणून काकांनी सोप्यात पुन्हा ताणून दिली. मिरजेला तर मालकाच्या म्हाताऱ्या आईनं आत पाऊल टाकलं तो छातीवर हात ठेवलेला एक अनोळखी माणूस जमिनीवर पडलेला. तिनं जो गळा काढला त्यानं सगळी गल्ली गोळा झाली. कुणी तरी गंगाजल आणायला पळालंसुद्धा. तेवढ्यात काका उठून बसले आणि "आवाज लय येतोय ह्या खोलीत," असा त्यांनी निकाल दिला.

मावशीला मात्र यातलं काहीच हसण्यासारखं वाटत नसे. लग्न झाल्यापासून तिचा संसार पलटणीच्या लायनीत, नाहीतर भाड्याच्या खोल्यांत झाला होता. "खाली करा" हे शब्द तिनं इतक्या घरमालकांच्या तोंडून ऐकले होते की दारात कुणी नुसतं खाकरलं तरी तिची नजर ट्रंकांकडे जायची. आता राहत होतो त्या खोल्याही मालकाला मुलाच्या लग्नासाठी हव्या होत्या. दिवाळी झाली की जागा सोडायची, असं त्यानं बजावून ठेवलं होतं. "आवं, मरायच्या आदी एक तरी उंबरा माझा म्हनून दावा," ती म्हणायची. "तिथं तुमी खुशाल निजा, मी उठवायची न्हाई."

खरी अडचण झोपेची नव्हतीच. काकांचा दुसरा एक नियम होता, आणि त्यापुढे कुणाचं काही चालत नसे. घर विकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असेल तर ते घर घ्यायचं नाही. सांगलीला एका जैन व्यापाऱ्याचं घर भावाभावांच्या वाटणीत विकायला निघालं होतं. सागवानी जिना, आड पाण्यानं भरलेला, स्वयंपाकघरात लख्ख उजेड. मावशीनं चुलीची जागासुद्धा मनाशी ठरवली. काका तिथल्या तिन्ही खोल्यांत घोरले होते. आता सुपारी फुटायची तेवढी बाकी, आणि मागच्या दारी त्या भावांची आई खांबाला हात लावून डोळे पुसताना त्यांना दिसली. काकांनी फेटा डोक्यावर ठेवला. "चला," म्हणाले. सांगलीहून साताऱ्यापर्यंत मावशी गाडीत त्यांच्याकडे पाठ करून बसली. मी समजूत घालायला गेलो तर काका खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, "मास्तर, तसल्या घरात मला झोप लागायची न्हाई."

त्याच वर्षी साहेब लोक देश सोडून निघाले. साताऱ्याच्या कॅम्पात चर्चच्या मागे बुटक्या कौलारू बंगल्यांची एक जुनी आळी होती. मेंदीची कुंपणं, लाकडी फाटकं, धुराडी, गुलाबाचे वाफे. पहिल्यांदा आलेल्या साहेबांनी आपल्या मुलखातल्या खेड्यासारखं काहीतरी इथं उभं केलं होतं. गावातली माणसं त्या आळीला विलायती वाडी म्हणत. काकांचा जीव तिथं पहिल्यापासून अडकला होता. पहिल्या लढाईत फ्रान्सात त्यांच्या पायाला गोळी लागली आणि तिथून त्यांना विलायतेच्या इस्पितळात नेलं. तिथं असली घरं पाहिल्याचं ते नेहमी सांगत. वाडीतलं शेवटचं घर विकायचं आहे असं कळलं तेव्हा फेट्याला इस्त्री करायलाही ते थांबले नाहीत.

घर एका म्हाताऱ्या, बिनलग्नाच्या मडमबाईचं होतं. बाईचा जन्म त्याच घरातला. आईबाप चर्चमागच्या दफनभूमीत. सांभाळलं होतं मेढ्याकडच्या एका आयानं, त्यामुळे बाई इंग्रजीपेक्षा जावळीचीच भाषा सफाईनं बोलत. मी मारे इंग्रजीत प्रस्तावना करायला लागलो तर म्हणाल्या, "मास्तर, घसा कशाला कोरडा करतोस? बस, च्या पी." काका पुढच्या खोलीत आडवे झाले तेव्हा बाईंना जराही नवल वाटलं नाही. त्यांनी आतून उशी आणून दिली आणि पडदा ओढून घेतला. काका संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. सौदा त्याच दिवशी ठरला, आणि त्या रात्री मावशीनं कितीतरी वर्षांनी गोडाचं केलं.

चावी घ्यायला आम्ही तिघं गेलो. बाईंनी चावी पुढे केली आणि काही कळायच्या आत त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "आज ऱ्हाऊ द्या," म्हणाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बाईंनी आमच्या देखत डोळे पुसून कोरडे केले, चावी उचलली आणि पुन्हा हुंदका दिला. इकडे मालकानं मांडवाच्या बांबूंचे भारे आमच्या दारात आणून टाकले होते, तिकडे फलटणचा एक व्यापारी बंगल्यावर चकरा मारत होता. मावशीचा धीर सुटला. ती पायरीवर बाईंच्या शेजारी बसली आणि तिनं सरळ विचारलं, "बाई, घरासाठी रडताय का आनी काय?"

"घर कुठं जातंय?" बाई म्हणाल्या. "पर मी कुठं चाललेय गं? समदी वाडी रिकामी झाली. भाचीनं बोलावलंय, तिकडं खेड्यात. मी ते गाव कवा बघितलं न्हाई. तिथं मला कोन वळखतंय?"

हे ऐकल्याबरोबर काकांचा चेहरा उजळला. "एवढंच व्हय? आवं, मी जाऊन आलोय की तिकडं!" म्हणाले आणि त्यांनी पायरीवर बैठक मारली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी साताऱ्याचा सुभेदार इंग्रज बाईला इंग्लंड सांगायला लागला. "गावाच्या तोंडाला वढा लागतोय. त्येच्यावर दगडी पूल. दुकान एकच, पर दुकानदार आदी घरची खुशाली इचारनार, मग तागडी उचलनार. बाया कुंपनावरनं बोलत्यात. कुनाच्या घरात काय शिजलंय ते समद्या गावाला ठावं."

"उखाळ्यापाखाळ्या काढत्यात का?" बाईंनी विचारलं.

"काढत्यात तर! त्याबिगर गाव कसलं?"

बाई पहिल्यांदा हसल्या. तेवढं हसू पाहून काकांचा लगामच सुटला. नवी बाई गावात आली की पहिल्या दिवशी घरोघरून तिला कालवण येतं, गुराखी सगळ्यांची गुरं एकत्र वळतो, शेणाचा वास हुबेहूब आपल्यासारखा, वर्षातून एकदा जत्रा भरते. जत्रेत कुस्त्या होतात म्हणाले तेव्हा मी जोरात खोकलो. बाईंनी भुवया उंचावल्या. "विलायतेत कुस्त्या?" काका क्षणभर अडखळले. "जरा येगळ्या. उभ्याउभ्यानं," म्हणाले आणि जत्रेतून पुढे सटकले. बाईंनी ट्रंका भरायला काढल्या. मावशीनं त्यांना वर्षभराची चटणी कुटून दिली, कारण काकांनी सांगितलेल्या त्या विलायती गावात मिरची तेवढी चांगली मिळत नव्हती.

परत येताना मी विचारलं, "काका, तुम्ही त्या खेड्यात राहिलात तरी किती?"

"ऱ्हायलो? इस्पितळातनं मोटारीनं हवा खायाला न्यायचे. तिथं टायर फुटलं. ते बदलूस्तवर बसलो हुतो पुलावर."

मग तो ओढा, तो बोलका दुकानदार, ते कालवण हे सगळं कुठलं, ते मला उमगलं. काकांचं गाव मेढ्याच्या पुढे डोंगरात होतं. मिसरूड फुटायच्या आत ते पलटणीत गेले, मागे आईबाप गेले, जमीन भावकीत गेली आणि तिकडे परत राहायला जाणं काही झालं नाही. मला त्या माणसाची तेव्हा इतकी माया आली की पुढे खोकायचं मी सोडून दिलं.

बाई निघाल्या तो दिवस उजाडला. टांगा फाटकात उभा होता, सामान चढलं होतं. काका छातीवर पदकं लावून आले होते, पण बाईंच्या तोंडाकडे बघायचा त्यांना धीर होत नव्हता. मावशी कुंपणाशी पदर दातात धरून उभी. बाई टांग्यात बसल्या, चावी हातात घेतली आणि काकांना म्हणाल्या, "सुभेदार, तुमचं गाव लय ग्वाड हाय. कुठं आलं म्हनायचं ते? मेढ्याच्या अल्याड का पल्याड?"

काकांचा चेहरा लाल झाला. "पल्याड," ते पुटपुटले.

बाई खो खो हसल्या. अगदी डोळे मिटेपर्यंत हसल्या, आणि हसत हसतच त्यांनी काकांच्या हातात चावी ठेवली. टांगा वळला. वळणापलीकडे त्या हसत होत्या की नाही ते आम्हांला दिसलं नाही.

दिवाळीच्या आत आम्ही वाडीत राहायला आलो. मावशीच्या ट्रंका पहिल्यांदाच पलंगाखाली न जाता माळ्यावर गेल्या. पण काका उदास होते. "मी खोटंच सांगून धाडलं तिला," असं एकदा म्हणाले आणि पानावरून उठले. मावशीनं त्यांची समजूत घातली नाही. तिनं बाईंची निजायची खोली झाडली, पलंगावर धुतलेली चादर घातली, खिडकी पुसली आणि दार नुसतं लोटून घेतलं. त्या खोलीत कुणी निजायचं नाही असं तिनं सांगून टाकलं. त्यानंतर पाव्हणेरावळे आले की ओसरीवर दाटीवाटीनं झोपत. थंडीच्या दिवसांत एकदा मी कुरकुरलो.

"परत आली तर?" मावशी म्हणाली. "स्वतःच्या घरात जागा मागायची व्हय तिनं?"

बाई परत आल्या नाहीत. काका गेले, त्यांच्यामागून काही वर्षांनी मावशीही गेली. ती गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, आणि बसायला जागा करावी म्हणून मी ते दार उघडलं. पलंगावर धुतलेली चादर होती.