आमेन बाकी

गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतरच्या रविवारी, भद्रावतीच्या एका लहान चर्चमध्ये, माझ्या बायकोचे मामा स्वतःच करत असलेली प्रार्थना अर्धवट सोडून दारातून बाहेर गेले. मी तिथे हजर होतो. ती प्रार्थना अजून संपलेली नाही.

देवाशी इतक्या तपशिलात बोलणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दुसरा नसावा. मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नोकरीभर त्यांनी बसस्थानकाच्या कर्ण्यावरून गाड्या पुकारल्या आणि निवृत्तीनंतर त्याच आवाजात, त्याच क्रमाने, मंडळीच्या अडचणी देवापुढे पुकारायला सुरुवात केली. आधी गाव, मग मार्ग, मग माणूस. मामींच्या भावाचा मुलगा गडचांदूरला तापाने पडला तेव्हा मामांनी देवाला सांगितलं, "प्रभू, सिमेंट कारखान्याच्या मागच्या गेटानं जा. पुढच्या गेटावरचा चौकीदार कोणाले सोडत नाई." प्रार्थना झाल्यावर पाळकसाहेब त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "मामा, देव सर्वज्ञ आहे." मामा म्हणाले, "असन ना. पण नवीन माणसाले वाट सांगाले काय जाते?" पाळकसाहेबांनी विचारलं, "देव नवीन आहे का?" मामा म्हणाले, "गडचांदूरले तं नवीनच."

मामा गोंधळले ते एका उपदेशामुळे. देवाच्या जवळ जायचं तर प्रार्थना हवी आणि सेवाही हवी, असं पाळकसाहेबांनी सांगितलं. मंडळीने माना डोलावल्या. मामांनी मात्र दारातच गाठून विचारलं, यातली थेट कोणती आणि थांबत जाणारी कोणती. "दोन्ही एकत्र," पाळकसाहेब म्हणाले. "एक माणूस दोन गाड्यांत कसा बसन?" पाळकसाहेब पुढच्या माणसाचा हात हातात घ्यायला वळले. मामांनी स्वतःच तपासायचं ठरवलं. काही दिवस ते फक्त प्रार्थना करत राहिले, इतकी की जेवण निवल्याचं मामींना मोठ्याने सांगावं लागे. मग काही दिवस फक्त सेवा. सेवेच्या दिवसांत त्यांनी बसस्थानकावर एका म्हाताऱ्याचं बोचकं उचललं, त्याला हाताला धरून नागभीडच्या गाडीत बसवलं आणि दार लावून घंटी मारली. म्हातारा मुलीला पोहोचवायला आला होता. मुलगी फलाटावरच राहिली. दोन्ही प्रयोगांनंतर आपण कुठे पोहोचलो हे मामांना सांगता येईना. "जवळ गेलो का दूर, काई कळून नाई राह्यलं," ते मला म्हणाले. मलाही कळलं नाही.

मामांच्या घराला लागून एक निवृत्त शिक्षिका राहतात. गाव त्यांना बाई म्हणतं. त्या बौद्ध आहेत. सकाळी वंदना करतात, संध्याकाळी शेवंतीला पाणी घालतात. मामांच्या कोंबड्या रोज ती शेवंती उकरत. बाई कुंपणावरून म्हणत, "कंट्रोलरसाहेब, साऱ्या जिल्ह्याचं देवाला सांगता, तुमच्या कोंबड्यांचं पण सांगा एकदा." मामांनी सांगितलंही. कोंबड्यांवर परिणाम झाला नाही आणि मामा-बाईंचं बोलणं बंद झालं.

मग बाईंच्या पायाला जखम झाली. साखरेमुळे ती भरेना. रोज चंद्रपूरला नेऊन ड्रेसिंग केलं नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंची मुलगी पुण्याला, आणि बाईंना एकटीने बसची पायरी चढवेना. हे मामींकडून मामांना कळलं आणि त्या रविवारी त्यांनी तो पाय प्रार्थनेत घेतला.

"प्रभू," मामा म्हणाले, "भद्रावती, आमच्या घराच्या डाव्या अंगाले. बाईचा पाय हाये. भांडण कोंबड्यांचं हाये, पायाचं नाई. तू कोणीतरी माणूस पाठव. ज्याच्यापाशी दिवसभर काम नाई. ज्याले चंद्रपूरच्या साऱ्या गाड्यांचे टाइम पाठ हायेत. ज्याले कंडक्टर वळखते, जागा काढून देते..."

इथे आवाज थांबला. मी डोळे उघडले. मामांचे डोळे माझ्या आधीच उघडले होते. ते छताकडे पाहून, कर्ण्याच्या नव्हे तर घरातल्या आवाजात म्हणाले, "थांब जरा," आणि चपला हातात घेऊन बाहेर गेले.

प्रार्थना मामांची असल्यामुळे आमेन म्हणायचा अधिकार मामांचा. मंडळी डोळे मिटून बसून राहिली. पुढच्या बाकावरची एक आजी झोपली. पेटीवाल्याने एक सूर दाबून पाहिला आणि सोडला. शेवटी कोणाचा तरी मोबाइल वाजला तेव्हा पाळकसाहेबांनी घाईने पुढचं गीत सांगितलं.

मामा बाईंना घेऊन त्याच दुपारी चंद्रपूरला पोहोचले. रविवार असल्यामुळे ड्रेसिंगची खोली बंद होती. दोघं परत आले. सोमवारी पुन्हा गेले आणि मग रोज जात राहिले.

पुढच्या उपासनेला पाळकसाहेबांनी सुचवलं, "मामा, मागची प्रार्थना पूर्ण करून टाका." मामा हात जोडून म्हणाले, "कशी करू? मी त्याले थांब म्हटलं. तो थांबून हाये." तेव्हापासून मामा चालू प्रार्थनेतच वावरू लागले. चर्चमध्ये प्रार्थनेला काढतात तशी गर्दीच्या बसमध्येही डोक्यावरची टोपी काढून बसत. कोंबड्यांना शिवी देताना अर्ध्यावर थांबून वर पाहत आणि उरलेली गिळत. कंडक्टरला तिकीट मागताना "हे कृपाळू पित्या" म्हणाल्याचं बाईंनीच मला सांगितलं. बाई चिडत. "कंट्रोलरसाहेब, तुम्ही माझ्याशी बोलताय की त्याच्याशी?" मामा म्हणत, "आता काई फरक नाई राह्यला, बाई."

पण धास्ती होती. एकदा मीही सोबत गेलो होतो. बाई आत ड्रेसिंगला गेल्या असताना मामा बाहेरच्या बाकावर मला म्हणाले, "जावई, आधी मी बोलो, तं वाटे तो ऐकून राह्यला. आता दिवसभर पट्टी पाहतो, गाडी पाहतो. बोलणंच होत नाई. पाय गेला तं समजीन का तो थांबलाच नोता." आतून बाई ओरडल्या, "साहेब, पिशवीतली पाण्याची बाटली!" मामा उठून गेले.

बाईंची दोन बोटं काढावी लागली. पाय राहिला.

त्यानंतरच्या रविवारी बाई स्वतः चालत चर्चमध्ये आल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या. पाळकसाहेबांनी मामांकडे पाहिलं. मामा उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले. मी शेजारीच होतो. मामा हळूच म्हणाले, "मी बंद केलं अन् तो निघून गेला तं?"

मग मागून शिक्षिकेच्या स्पष्ट आवाजात ऐकू आलं, "साधू, साधू, साधू." वंदनेच्या शेवटी त्या रोज तेच म्हणतात. डोळे उघडावेत की नाही, हे मंडळीला कळेना. काहींनी उघडले. काहींनी मिटल्या डोळ्यांनीच "आमेन" म्हटलं. ही प्रार्थना संपली की नाही, असं मी पाळकसाहेबांना नंतर विचारलं. विचार करून सांगतो, असं ते म्हणाले. अजून सांगितलेलं नाही.

बाईंना आता अधूनमधून तपासणीला जावं लागतं. गेल्या सोमवारी सकाळच्या चंद्रपूर गाडीत खिडकीपाशी बाई होत्या आणि शेजारी, टोपी मांडीवर ठेवून, मामा.