खळ्यावर दादा काहीच बोलला नाय

खरं सांगते, आठवडा झाला, नीट झोपले नाय. माझ्या लेकीला, आरूला दात येतायत, पण ती मस्त झोपते. मीच जागी असते. गेल्या आठवड्यात माझा थोरला भाऊ किरणदादा जेवायला आला होता. तो सातपूरला मशीनवर काम करतो, हात लय साफ हाय त्याचा. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "पेठच्या वर डोंगरात नवा कारखाना होतोय. मला घेतलंय. पुढच्या सोमवारपासून ट्रेनिंग."

मी खूश झाले. विचारलं, "काय बनवणार तिथं?"

आवाज बारीक करून म्हणाला, "नव्या अणुबॉम्बचं कवच. कोणाला सांगू नको."

मांडीवर आरू त्याचं बोट चावत होती. त्याच हातानं तो ते बनवणार. तेव्हापासून झोप गेली. दादा, सगळ्यांना सांगितलं बघ. रागव माझ्यावर.

मी आठवी शिकलेली बाई. इथं या पेजवर मी एका दिवसात जाऊन येण्यासारख्या जागा लिहिते, तेही फोनमधे बोलून. या वेळी देवळाला नाय गेले. ज्या जागेनं माझी झोप घालवली, ती जागाच बघायला गेले.

सोबत हिरामावशी होती. दरवर्षी द्राक्षाच्या छाटणीला आमच्याकडं येते, तिचा पाडा तिथलाच. ती म्हणाली, "बुधवारी कारखान्याचं साहेब येणार आहा आमच्याकडं समजवायला. आम्ही जमीन देत नाही म्हणून. तू पण चल पोरी, नागली पण निघली आहा, खाशील."

सकाळी सहाला नाशकातल्या पेठ नाक्यावरून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट. बसायला डावी बाजू धरा, घाटात दरी त्या बाजूला दिसते. रामशेजचा किल्ला मागं पडला की द्राक्षबागा संपतात आणि जमीन वर-खाली व्हायला लागते. सावळ घाटात आरू उलटी करेल म्हणून मी पिशवी धरून बसले होते, पण ती काचेला नाक लावून बाहेर बघत राहिली. एका डोंगराच्या मागं दुसरा, त्याच्या मागं तिसरा, शेवटचा तर आभाळातच मिसळलेला. मी नाशकात जन्मले, आणि तासा-दोन तासावर हे एवढं हाय ते मला माहीत नव्हतं. लाजच वाटली.

पेठला उतरून चहा घ्या, पुढं दुकान नाय. तिथून जीप. माणशी तीस रुपये, पण सीट भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाय. आमच्या जीपमधे सतरा माणसं आणि दोन कोंबड्या. ड्रायव्हर मला म्हणाला, "ताई, बाळाला टपावर देऊ का? हवा लागंल."

हिरामावशी म्हणाली, "तुझ्या बायकोला बसव टपावर!" सगळी जीप हसली. खूप दिवसांनी मी हसले.

पाड्यावर पोचले आणि पहिल्याच पावलाला चूक केली. घरांच्या पुढं एक गोल अंगण होतं, शेणानं सारवलेलं, मधे खांब, कडेला नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या कणसांचा ढीग. मी सरळ चपला घालून मधे गेले, आरूला कणसं दाखवायला. दोन बायका ओरडल्या. हिरामावशी पळत आली.

"खाली उतर! खळं आहा ते! कणसरी बसेल आहा तिथं!"

कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. खळ्यावर दाणे मळतात, तेवढे दिवस ती तिथंच असते म्हणे. चपला चालत नाय, भांडण चालत नाय, आणि खोटं तर अजिबात चालत नाय. कोणी खोटं बोललं की कणसरी उठून जाते, कणगीत दाणा टिकत नाय. म्हणून पाड्यात कसला वाद असला की नागली निघेपर्यंत थांबतात आणि दोघांना खळ्यावर उभं करून विचारतात.

मी जिथं पाय दिला तेवढं मला परत सारवायला लावलं. एका म्हातारीनं माझ्याकडून आरूला घेतलं आणि माझ्या हातात शेण दिलं. मला वाटलं रागावल्यात. पण सारवून झालं तर त्याच बायकांनी नागलीची भाकर, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी आणि कोरा चहा पुढं ठेवला. ती चटणी मी जन्मात विसरणार नाय. आरूनं भाकरीचा काठ धरला तो सोडलाच नाय.

हिरामावशीनं बोटानं दाखवलं, कारखाना कुठून कुठपर्यंत. खळं, विहीर, मागची भातखाचरं, पलीकडचा साग, सगळं आत. आरू एकदम ओरडली, तर समोरच्या डोंगरानं तिचा आवाज परत दिला. ती दचकली, मग हसली, परत ओरडली. एवढ्या शांत जागेत ते बनवणार, ज्यानं म्हणे अख्खं शहर एका दमात जातं.

दुपारी पांढरी गाडी आली. साहेब उतरला, आणि मागून दादा. तो येणार हे त्यानं मला सांगितलं नव्हतं, मी येणार हे मीही नाय. माझ्याकडं बघून त्याचं तोंड उतरलं.

माणसं सगळी खळ्याच्या भोवती बसलेली. शंभर तरी असतील, आणि आवाज नाय. घोषणा नाय, बॅनर नाय. सोमाबाबा म्हणून एक म्हातारा उठला. म्हणाला, "साहेब, बूट काढा आन खळ्यावर या. तिथून सांगा काय बनणार. आम्ही ऐकू."

साहेब हसला. "इथूनच सांगतो ना बाबा. मशीनचे पार्ट बनणार. तुमच्या पोरांना काम मिळेल. हा बघा, तुमच्यासारखाच पोरगा, याला विचारा."

दादानं बूट काढले. मोजे काढले. खळ्यावर गेला आणि नेमका मी सारवलेल्या जागी उभा राहिला, ती अजून ओली होती.

"काय बनणार दादा?" सोमाबाबानं विचारलं.

"पार्ट."

"कशाचं पार्ट?"

दादा गप्प.

मागून एक बाई म्हणाली, "टॅक्टरचं आहा का? मंग आमाला एक द्या!" थोडं हसू आलं आणि विरलं.

"कशाचं पार्ट, बाळा?" बाबानं परत विचारलं, अगदी मायेनं.

दादानं वर बघितलं, डोंगराकडं, मग माझ्या कडेवरच्या आरूकडं. साहेब बाहेरून म्हणत होता, "बोल ना किरण, सांग ना." खोटं बोलणं किती सोपं होतं. ट्रॅक्टर म्हटलं असतं तरी झालं असतं. पण तो बोलला नाय. बूट हातात घेतले आणि अनवाणी गाडीत जाऊन बसला.

सोमाबाबा साहेबाला म्हणाला, "सांगलं त्यानं. आता जा तुम्ही." लोक उठले आणि कणसं मळायला लागले, जसं काय झालंच नाय. मी बघतच राहिले. मला वाटायचं बॉम्बला अडवायचं म्हणजे लय मोठं काम, शिकलेल्या लोकांचं. आणि हे एका सारवलेल्या अंगणावर उभं करून नुसतं विचारतात.

साडेचारच्या जीपनं परत निघाले. नंतरची जीप धरू नका, पेठहून शेवटची एसटी चुकते.

घरी येऊन तीन दिवस झाले. नखातलं शेण अजून निघालं नाय. दादा मला आधी म्हणाला होता, "बॉम्ब वापरायचा नसतो गं, नुसता दाखवायचा असतो." मी घरात उंदराचं औषधसुद्धा ठेवत नाय, आरू रांगते म्हणून. आणि बॉम्ब तर देशाकडं आधीच हायत म्हणे, मग अजून नवे कोणाला दाखवायचे? आणि ते माझ्या भावाच्या हातानं का? त्या ओल्या जागेवर त्याच्या दोन पायांचे ठसे उमटले होते. बायकांनी ते पुसले नाय. "राहू दे, खरं उभं होतं," म्हातारी म्हणाली.

पण दादा माझा फोन उचलत नाय. घरी गेले तर वहिनी म्हणते झोपलेत. परवा सोमवार.

एक गोष्ट मला माहीत हाय. अनोळखी नंबर तो लगेच उचलतो, कारखान्याचा असेल म्हणून. सातपूरला त्याच्यासोबत काम केलेले, शाळेतले, कोणी वाचत असाल तर तुमच्याकडं त्याचा नंबर असेल. नसेल तर खाली लिहा, मी देते. भांडू नका, शिव्या देऊ नका, तो लय चांगला हाय. एवढंच विचारा, "किरण, कशाचे पार्ट?" आणि तो गप्प बसला तर तुम्हीपण गप्प बसा, फोन ठेवू नका. सोमवारच्या आत, हात जोडते, माझ्या भावाला फोन करा.